प्रत्यक्ष पडताळणीशिवाय पुस्तक नाही

विद्यापीठात 'आदरातिथ्य व पर्यटन' हा विभाग सुरू होऊन पहिले सत्र संपत आले, तेव्हा या विषयाचे एकही पुस्तक ग्रंथालयात नाही ही बाब विभागप्रमुखांच्या निदर्शनास आली. ती आपणहून आली असे नव्हे. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने भर वर्गात उभे राहून विचारले, "सर, तुम्ही सांगता ते कुठल्या पुस्तकात आहे?" विभागप्रमुख पूर्वी भूगोल शिकवत. भरपूर हिंडलेला माणूस म्हणून त्यांना या विभागावर आणून बसवले होते, आणि आजवर त्यांनी वर्गात जे सांगितले ते सारे त्यांच्या घरच्या सहलींत घडलेले होते. इतक्या खासगी गोष्टी छापील पुस्तकात असणे शक्य नव्हते. त्यांनी मुलीकडे कौतुकाने पाहिले, प्रश्न उत्तम असल्याचे सांगितले आणि तास लवकर सोडून ते तडक ग्रंथालयात आले.

ती मुलगी ग्रंथपालबाईंची भाची होती.

ग्रंथपालबाईंची थोरली बहीण स्टेशनजवळच्या गल्लीत एक छोटे लॉज चालवत असे. वर सहा खोल्या, खाली एक टेबल आणि टेबलामागे ताई. नवरा गेल्यापासून सारा कारभार तिच्या एकटीच्या अंगावर होता. अलीकडे आजूबाजूला काचेची हॉटेले उभी राहिली होती आणि गिऱ्हाईक तिकडे वळू लागले होते. लेकीने हा धंदा नीट शिकून घ्यावा आणि लॉज सावरावे असे घरात ठरले, आणि ते ठरवण्यात पुढाकार ग्रंथपालबाईंचाच होता. "ताई, पोरीला आमच्याकडे घाल. शिकवणारे कसे का असेनात, पुस्तकं माझ्या हातात आहेत," असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. ताईने लॉजच्या दर्शनी भिंतीला रंग काढायचा बेत पुढे ढकलला आणि लेकीची फी भरली. म्हणजे त्या लॉजचे भवितव्य पुस्तकांवर अवलंबून होते. विभागप्रमुखांना याची कल्पना नव्हती. असती तरी त्यांनी तिचे काय केले असते कोण जाणे.

ग्रंथपालबाई कामाला वाघ. आठवड्याभरात त्यांनी शंभरेक पुस्तके निवडून खरेदी समितीपुढे मांडली. समितीत तिघेच होते. विभागप्रमुख अध्यक्ष, विद्यापीठाचे लेखाधिकारी सदस्य आणि ग्रंथपालबाई सदस्य-सचिव, म्हणजे सह्या गोळा करणाऱ्या. लेखाधिकारी हा मोजके बोलणारा, पण बोलला की समोरच्याचे काम अडणारा माणूस होता. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, ही पुस्तकं खरी आहेत का?"

"खरी म्हणजे?"

"म्हणजे आत लिहिलंय ते."

हा प्रश्न कुठून आला ते ग्रंथपालबाईंना ठाऊक होते. फार पूर्वी ग्रंथालयाने एक पर्यटन मार्गदर्शिका घेतली होती. अमुक एका तळ्यावर नौकाविहाराची सोय आहे असे तिच्यात म्हटले होते. ते वाचून विद्यापीठाचे लेखापरीक्षक सहकुटुंब तिथे गेले. तळे आटले होते आणि नावेत शेळ्या बांधल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी आक्षेप काढला की मजकुराच्या खरेपणाची खात्री न करता सार्वजनिक निधीतून पुस्तक घेतलेच कसे. तेव्हापासून नियम झाला: प्रत्यक्ष पडताळणीशिवाय पुस्तक नाही. आजवर या नियमाचा कोणालाच जाच झाला नव्हता. खगोलशास्त्रवाल्यांनी 'पडताळणीस जाता येत नाही' असा शेरा मारून पुस्तके घेतली. इतिहासवाल्यांनी 'पडताळणीची वेळ निघून गेली आहे' असे लिहून दिले. तत्त्वज्ञानवाल्यांनी मुळात पडताळणी म्हणजे काय यावर एक दीर्घ टिपण पाठवले, आणि ते वाचण्यापेक्षा त्यांना पुस्तके घेऊन दिलेली बरी असे लेखा विभागाला वाटले. पर्यटनाला मात्र असली पळवाट नव्हती. पुस्तकात समुद्रकिनारा जिथे आहे असे लिहिले असेल, तिथे जाऊन पाहता येत होते.

"म्हणजे जावं लागेल," विभागप्रमुख जड आवाजात म्हणाले.

"नाइलाज आहे," लेखाधिकारी म्हणाले.

"पण बाकीची विद्यापीठं हीच पुस्तकं कुठंही न जाता घेतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"म्हणून तर त्यांची ही अवस्था झालीये."

कोणती अवस्था, हे विचारायची सोय नव्हती. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. सामान्य पर्यटक सहसा कुटुंबासह फिरतो, तेव्हा समितीने एकट्यादुकट्याने जाऊन केलेली पडताळणी अशास्त्रीय ठरेल, असे त्यांचे मत पडले. त्यानुसार दोन्ही सौभाग्यवती आणि दोन्ही घरची मुले यांची 'सहायक निरीक्षक' म्हणून नेमणूक झाली. लेखाधिकाऱ्यांच्या मेहुण्यालाही घेतले, कारण मेहुण्याशिवाय सहल ही कल्पना अभ्यासाच्या दृष्टीने अपुरी होती. सदस्य-सचिवांनी मुख्यालयी थांबून संग्रहाची देखभाल करावी असे ठरले. संग्रह अजून यायचा होता, ही गोष्ट वेगळी.

पहिली पडताळणी समुद्रकिनाऱ्याची झाली. पुस्तकात 'निवांत किनारा' असे शब्द होते. समितीची पाच मुले तिथे तीन दिवस जीव तोडून किंचाळत होती. निवांतपणा आढळला नाही, पुस्तक नामंजूर. दुसरी पडताळणी थंड हवेच्या ठिकाणी. तिथल्या कड्यावरून विलोभनीय सूर्योदय दिसतो असा पुस्तकाचा दावा होता. समितीने सकाळी न्याहारी आटोपून, साडेदहाच्या सुमारास जागेची पाहणी केली. सूर्योदय आढळला नाही, पुस्तक नामंजूर. एका पुस्तकात किल्ल्याची चढण सोपी असल्याचे लिहिले होते, ते विभागप्रमुखांच्या पत्नीच्या गुडघ्याने खोटे पाडले. 'इथे आलेला माणूस परत जायला तयार होत नाही' असे वर्णन असलेले एकच पुस्तक अक्षरशः खरे निघाले. समिती तिथे इतकी राहिली की पुस्तक मंजूर करून परत येईपर्यंत खरेदीचा निधी आटोपला होता.

दरम्यान कपाटे येऊन पडली होती. कपाटांना पडताळणी लागत नाही. उंचीपुरी, काचेच्या दारांची, आतून दिवा लागणारी ती कपाटे वाचनकक्षात भिंतीला लावून उभी होती आणि आत नुसता उजेड होता. विद्यार्थी त्यांच्यासमोर उभे राहून भांग पाडत. अशात निरोप आला की विभागाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारी तपासणी समिती दुसरे सत्र संपताच येणार आहे. संग्रह समाधानकारक नसेल तर विभाग बंद, आणि पहिल्या तुकडीचे वर्ष वाया.

विभागप्रमुख डगमगले नाहीत. "मॅडम, संग्रह म्हणजे काय?"

"पुस्तकांचा साठा."

"चुकताय. जे कपाटात आहे तो संग्रह. आपले पडताळणी अहवाल आहेत की. मूळ संशोधन आहे ते. बांधून घ्या आणि लावा."

अहवाल भरपूर होते. एकेका जागेचे चार-पाच, शिवाय सौभाग्यवतींची वेगळी मते आणि मुलांची चित्रे. कापडी बांधणी झाली, सोनेरी अक्षरे उमटली, ग्रंथालयाचे शिक्के बसले. ग्रंथपालबाईंनी आयुष्यभर नेकीने वर्गीकरण केले होते, तेव्हा इथेही त्यांनी हयगय केली नाही. मेहुण्याला बोट लागल्याचा अहवाल त्यांनी 'सागरी वाहतूक' या विषयाखाली लावला. गुडघ्याचा अहवाल 'ऐतिहासिक वास्तू' आणि 'अस्थिरोग' अशा दोन ठिकाणी बसत होता. त्या बराच वेळ विचार करत राहिल्या आणि मग आपण कशाचा विचार करतो आहोत हे लक्षात येऊन त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी अहवाल लावला.

संग्रह आणि अभ्यासक्रम यांचा मेळ असावा, असाही एक नियम होताच. संग्रह बदलणे आता शक्य नव्हते, त्यामुळे अभ्यासक्रम बदलला. 'निवासव्यवस्थेची तत्त्वे' हा भाग जाऊन तिथे 'गादी कडक लागणे: प्रकार व परिणाम' आला.

भाची एका दुपारी मावशीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात एक खंड होता.

"मावशी, यात विभागप्रमुखांच्या मिसेसना जिन्यावर कशी चक्कर आली तेच आहे फक्त. हे पाठ करायचंय?"

"परीक्षेपुरतं कर. मी तुझ्यासाठी ते जाड पुस्तक मागवतेय ना."

ते जाड पुस्तक म्हणजे लहान लॉज चालवणाऱ्यांसाठीचे पाठ्यपुस्तक होते. चादरी किती दिवसांनी बदलाव्यात, रिकाम्या हंगामात दर कसे ठेवावेत, मोठ्या हॉटेलांच्या शेजारी टिकून कसे राहावे, असे सगळे त्यात होते. ग्रंथपालबाईंनी त्याची अनुक्रमणिका वाचली तेव्हा हे कोणीतरी ताईला पाहून लिहिले असावे असे त्यांना वाटले होते.

"आई रोज विचारते, पुस्तक आलं का," भाची म्हणाली. "मी म्हणते, येतंय. मागच्या आठवड्यात वरच्या दोनच खोल्या गेल्या, मावशी."

ग्रंथपालबाईंना त्या रात्री जेवण गोड लागले नाही. सकाळी त्यांनी समितीपुढे त्या एकाच पुस्तकाचा विषय धरून ठेवला. एक पुस्तक घ्यायला लागेल एवढा निधी झाडूनपुसून निघत होता, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती. पण पडताळणी कशी करायची? पुस्तक लहान लॉजबद्दल होते. लहान लॉजमध्ये जाऊन राहायला निधी नव्हता. "फुकट राहू देईल असं एखादं लॉज असतं तर आजच्या आज घेतलं असतं," विभागप्रमुख उसासा टाकून म्हणाले.

आणि ग्रंथपालबाई बोलून गेल्या, "माझ्या बहिणीचं लॉज आहे. एक दिवस येऊन बघून जा."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांनी जीभ चावली. लेखाधिकाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कागद पुढे ओढून टिपण केले.

ताईला सांगितले तेव्हा ती उलट खूश झाली. "येऊ देत की. पोरीचे मास्तर आहेत, पैसे कसले घ्यायचे? आणि पुस्तक मिळतंय ना तिला?"

"मिळेल. एकच दिवस येणारेत."

समिती आली ती तीन गाड्यांतून, प्रकाशकाने पाहण्यापुरती दिलेली पुस्तकाची प्रत घेऊन. मेहुणा सामान उतरवत होता. ताईने नव्या चादरी घातल्या होत्या, दारात पायपुसणे झटकून ठेवले होते. भाची टेबलामागे उभी होती आणि तिने शिकल्याप्रमाणे हसून नमस्कार केला.

"हे बघ," विभागप्रमुख तिला म्हणाले, "इथं मी तुझा सर नाही. पाहुणा आहे. तेव्हा मोकळेपणानं सेवा कर."

एका दिवसात पाहणी आटोपेल ही ग्रंथपालबाईंची समजूत भाबडी होती. पुस्तकाला पंधरा प्रकरणे होती आणि घाईघाईत केलेली पडताळणी हा पडताळणीचा अपमान होता, असे समितीचे म्हणणे पडले. एका दिवशी एक प्रकरण. 'पाहुण्याचे स्वागत' पहिल्या दिवशी पडताळले. 'सकाळची न्याहारी' हे प्रकरण मोठे असल्याने ते रोज पडताळावे लागले. 'स्नानाची व्यवस्था' या प्रकरणाच्या दिवशी दोन्ही कुटुंबांनी सहाही खोल्यांत एकाच वेळी अंघोळीला बसून पाणी सोडले आणि टाकीतले गरम पाणी संपल्याची नोंद केली. 'क्षमतेपेक्षा अधिक पाहुणे आल्यास' हे प्रकरण आले तेव्हा खोल्या कमी पडायला हव्या होत्या. म्हणून लेखाधिकाऱ्यांनी आपल्या मेहुण्याचे साडू आणि त्यांचे शेजारी बोलावून घेतले. कोपऱ्यातल्या खोलीत कित्येक वर्षे दर महिन्याला येऊन उतरणारा औषधकंपनीचा विक्रेता नेमका त्याच दिवशी आला. त्याला बाकावर झोपावे लागले. तो दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन काचेच्या हॉटेलात गेला आणि जाताना ताईकडे न बघता गेला.

'तक्रारींचे निवारण' हे प्रकरण सर्वांत अवघड ठरले. निवारण तपासायचे तर तक्रार हवी आणि ताई तक्रारीला जागाच ठेवत नव्हती. समितीपुढे पेच पडला. अखेर प्रत्येक निरीक्षकाने रोज एक तक्रार तयार करावी असे ठरले. मुलांनी उशा भिजवल्या. सौभाग्यवतींनी मध्येच चहा परत पाठवला, कारण तो गरम होता. विभागप्रमुखांनी भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करते अशी तक्रार केली. ताईने घड्याळ काढून नेले. मग त्यांनी खोलीत घड्याळ नसल्याची तक्रार केली.

"वहिनी, अजून किती दिवस आहात?" ताईने एकदा विभागप्रमुखांच्या पत्नीला विचारले.

"अहो, आमच्या हातात थोडंच आहे? पुस्तक केवढं जाड आहे बघितलंत ना."

शेवटचे प्रकरण 'पाहुण्याने निघताना वस्तू नेल्यास' असे होते. त्याची पडताळणी समितीने शांतपणे, ताईला न सांगता केली. गाड्या गल्लीच्या वळणाआड गेल्यावर भाचीने वर जाऊन पाहिले. टॉवेल, तीन दिवे आणि पायपुसणे नव्हते.

समितीची बैठक लगेच भरली. विभागप्रमुखांनी निष्कर्ष वाचून दाखवला. सदर पुस्तकाच्या पृष्ठ सोळावर असे म्हटले आहे की लॉजचालकाच्या चेहऱ्यावर सदैव प्रसन्न हास्य असते. सदर लॉजच्या चालिका बाराव्या दिवसापासून हसताना आढळल्या नाहीत. सबब पुस्तकातील मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही. पुस्तक नामंजूर.

"आणि हा अहवाल संग्रहात घ्यावा," लेखाधिकारी म्हणाले. "लहान लॉज या विषयावर आपल्याकडं काहीच नव्हतं."

अहवालात लॉजच्या सतरा उणिवा होत्या. गरम पाणी अपुरे, उशा ओलसर, चहाच्या तापमानात अनिश्चितता, घड्याळाबाबत धरसोड, ओळखीच्या पाहुण्यास बाकावर झोपवण्याची प्रथा, टॉवेलांचा तुटवडा. तळाशी सदस्य-सचिवांच्या सहीची जागा मोकळी होती.

"सर, यातलं एकही खरं नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि जे आहे ते तुम्ही केलेलं आहे."

"मॅडम, आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. प्रत्यक्ष पाहिलेलं खोटं कसं असेल?"

"मी सही करणार नाही."

"तुमची मर्जी. पण मग समितीचं काम अपुरं राहील. संग्रह अपुरा राहील. परवा तपासणी आहे. विभाग बंद झाला तर या पोरांचं वर्ष जाईल." विभागप्रमुखांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. "तुमची भाचीच आहे ना त्यात? तिच्यासाठी तरी."

ग्रंथपालबाईंनी निदान 'उशा ओलसर' एवढे तरी काढावे म्हणून गयावया केली. विभागप्रमुख उदार माणूस होते. त्यांनी ते खोडून 'उशांच्या कोरडेपणास वाव आहे' असे केले. ग्रंथपालबाईंनी सही केली. भाचीच्या भल्यासाठी केली, असे त्यांनी मनाला बजावले. मनाला ते फारसे पटले नाही, पण मन समितीचे सदस्य नव्हते.

तपासणी समिती कपाटांपुढे बराच वेळ उभी राहिली. अशी सुबक बांधणी त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. दुसऱ्याचे लिखाण विकत घेण्याऐवजी सारा संग्रह स्वतः लिहिणारे हे पहिलेच विद्यापीठ आहे, असे तिच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितले आणि मान्यता दिली. एवढे अनमोल ज्ञान चार भिंतींत कोंडून ठेवू नये, अशी शिफारसही केली. मग सारे अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढले. कोणीही स्टेशनजवळची खोली शोधू लागला की पहिल्यांदा विद्यापीठाचे बोधचिन्ह दिसे आणि त्याखाली सतरा उणिवा.

परीक्षेत प्रश्न आला: 'स्टेशनजवळील लहान लॉजच्या उणिवा सविस्तर लिहा.' प्रश्न अनिवार्य होता.

निकाल लागला त्या संध्याकाळी ग्रंथपालबाई लॉजवर गेल्या. भाची पहिली आली होती. ताई टेबलामागे बसली होती. पाठीमागे सहाही खोल्यांच्या किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या, म्हणजे वर एकही पाहुणा नव्हता.

"काय विचारलं होतं गं?" ताईने लेकीला विचारले. निकालाच्या काळजीत तिने हे आजवर विचारलेच नव्हते.

भाचीने प्रश्न सांगितला.

"आणि तू लिहिलंस?"

"लिहिलं. नाहीतर नापास झाले असते, आई."

"किती लिहिल्यास?"

"सतरा अहवालातल्या. आणि एक माझी."

"तुझी कुठली?"

भाचीने मावशीकडे पाहिले नाही. "मालकीण नातेवाइकांच्या शब्दावर विसंबते," ती म्हणाली. "त्या एकीचे जादा गुण मिळाले. सर म्हणाले, स्वतंत्र विचार आहे."

ग्रंथपालबाईंना तिथून उठून जावेसे वाटले, पण उठवेना. माफी मागायची तर कशाकशाची मागायची हे त्यांना सुचेना, आणि ताई तर त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेलीसुद्धा. एवढे होऊनही ती चहा ठेवायला गेली, हे ग्रंथपालबाईंना सर्वांत जास्त लागले.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन थांबले. बरोबर बायको, खांद्यावर झोपलेले मूल, पायाशी दोन बॅगा. गाडीला उशीर झालेला दिसत होता.

"खोली आहे का?"

"आहे ना. या," भाची उठून म्हणाली. "चादरी आजच बदलल्यात. गिझर चालू आहे."

गृहस्थांचा एक पाय आत आला आणि थांबला. त्यांनी खिशातून फोन काढला, अंगठ्याने वर सरकवत गेले आणि बायकोला दाखवला. दोघांची मान एकदमच हलली.

"एकदा वर येऊन खोली तरी बघा," भाची म्हणाली. "बघायला काही पडत नाही. नाही आवडली तर जा."

"बघायचं काय त्यात?" गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले. "विद्यापीठानं लिहिलंय. तज्ज्ञ लोक राहून गेलेत इथं." त्यांनी बॅगा उचलल्या आणि ते समोरच्या काचेच्या हॉटेलाकडे चालू लागले. मूल खांद्यावरून घसरत होते, ते त्यांनी वर ओढून घेतले.

या गृहस्थांना नावे ठेवायची घाई वाचणाऱ्याने करू नये. मागच्या सुट्टीत खोली घेताना तुम्हीही कोणीतरी लिहिलेले वाचलेत, आणि लिहिणाऱ्याने बिल भरले होते का, हे काही कोणाला विचारले नाहीत. इथे तर तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले आहे. टाकी कोणी रिकामी केली, उशा कोणी भिजवल्या, सही कोणी आणि कशी केली, काही म्हणून लपवलेले नाही. तरीसुद्धा उद्या त्या स्टेशनवर उतरलात तर त्या दारापाशी तुमचा पाय थबकेल, कारण सतराच्या सतरा काही अगदीच उगाच लिहिल्या नसतील, असे तुम्हाला आताच वाटू लागले आहे.